घरचा आकडा

एकाच मनगटाचे दोन आकडे माझ्यापुढे होते आणि त्यांतला एक खोटा होता. कोणता, हे शनिवारी सकाळी दहाच्या आत मला ठरवायचे होते. त्या दिवशी मंगळवार होता.

मनगट माझ्या वडिलांचे, उजवे. मे महिन्यात मोरीत पाय घसरून आबा पडले आणि दंडाचे हाड मोडले. हाड यथाकाल जुळले. परंतु त्या हाडाला बिलगून जाणारी नस चेचली गेली होती, आणि मनगट व बोटे वर उचलण्याचे आपले काम तिने सोडून दिले. आबांनी हात पुढे केला की दंड उचलला जाई, कोपर वाकत असे, आणि त्यापुढचा पंजा वाळत घातलेल्या मोज्यासारखा लोंबत राही. ज्या माणसाने मनमाड-नांदगाव मार्गावर एकतीस वर्षे रेल्वेचे फाटक उचलले आणि टाकले, त्याला आता चहाचा कप उचलता येत नव्हता.

डॉक्टर वेदिका मॅडम हाताच्या शस्त्रक्रिया करतात. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. नस आपण होऊन जागी होत असेल, तर तिला हात लावायचा नाही. होत नसेल, तर दिवाळीच्या आत शस्त्रक्रिया करायची, कारण फार काळ हुकूम न मिळालेला स्नायू वाळतो आणि मग नस दुरुस्त करूनही उपयोग राहत नाही. म्हणजे धोका दोन्हीकडे होता. नसेची विद्युत तपासणी दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा आला होता. समोर कोणी उभे राहिले की आबांचा हात अधिकच आखडे, त्यामुळे एका दिवसाच्या तपासणीवर मॅडमचा भरवसा नव्हता. त्या म्हणाल्या, "प्रफुल्ल, तुमच्याकडची नोंद आणा. रेषा वर चालली आहे का, एवढेच मला पाहायचे आहे."

माझ्याकडची नोंद म्हणजे काय, ते सांगायला हवे. देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर एका धर्मादाय संस्थेचे उपचार केंद्र आहे. तिथली यंत्रे माझ्या ताब्यात असतात. हाता-पायाच्या व्यायामाला कंटाळलेल्या रुग्णांसाठी संस्थेने गेल्या वर्षी व्हिडिओ गेमचे सहा कन्सोल घेतले आणि ते मांडण्याचे, जोडण्याचे व नीट चालते ठेवण्याचे काम मला दिले. मनगटासाठी जो खेळ आहे, त्यात पडद्यावर नदीवरून एक घार उडते. कंट्रोलर पंजाच्या पाठीवर पट्ट्याने बांधायचा. मनगट वर गेले की घार वर जाते, ढळले की पाण्याकडे येते. दहा मिनिटांचा डाव संपला की मनगट किती अंश उचलून धरले, तो आकडा पडद्यावर येतो. त्या यंत्रावरचा दिवसातला शेवटचा डाव तेवढा नोंदीत राहतो.

आबा आठवड्यातून तीनदा माझ्या गाडीवर मागे बसून केंद्रात येत. तेवढे पुरेसे नाही असे वाटून जुलैत मी तसाच कन्सोल, त्याच कंपनीचा आणि त्याच रंगाचा, जेल रोडच्या आमच्या घरी आणला. आबांच्या नावाचे एकच खाते दोन्ही यंत्रांवर उघडले, म्हणजे कुठेही खेळले तरी नोंद एका यादीत जमा व्हावी. यादीत घोटाळा नको म्हणून यंत्रांना नावे दिली: केंद्रातले मनगटाच्या खेळाचे यंत्र 'काम' आणि घरचे 'घर'. यादी माझ्या फोनवर दिसे.

पहिले दोन आठवडे दोन्ही नावांपुढे नऊ, दहा, नऊ असे येत गेले. ऑगस्टपासून 'घर' चढू लागले. बारा, चौदा, सतरा. सप्टेंबरअखेरीस ते अडतीसवर पोहोचले होते. 'काम' अकराच्या पुढे सरकले नव्हते.

मी यादी मॅडमना पाठवली. त्यांनी फोनवर सांगितले, "घरचा आकडा मला अधिक खरा वाटतो. केंद्रात चार माणसे बघत असतात, घरी पेशंट मोकळा असतो. असेच चालू असेल तर शस्त्रक्रिया तीन महिने पुढे नेऊ. शनिवारी दहा वाजता या, पक्के करू."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण फोन ठेवेपर्यंतच. संकोच मनुष्याचे मनगट दोन अंश खाली ओढील, फार तर पाच. सत्तावीस अंशांचा संकोच असतो हे मला कोणी पटवून द्यावे. शिवाय आणखी एक शंका होती. घरची रेषा फार नीटस होती. रोगी माणसाची रेषा चढते, घसरते, रुसते. ही जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढली होती. यंत्र बिघडले असेल, किंवा माझी मांडणी चुकली असेल, आणि त्या चुकीवर विसंबून शस्त्रक्रिया पुढे गेली तर आबांचा हात माझ्यामुळे जाईल. या विचाराने मंगळवारी रात्री मला झोप आली नाही.

मांडणीत मी काहीही बाकी ठेवले नव्हते. पडद्यापासून खुर्ची सात फुटांवर. खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा. पडद्याखालच्या संवेदकाची, म्हणजे कंट्रोलरची हालचाल टिपणाऱ्या डोळ्याची, उंची तीन फूट. मंगळवारी संध्याकाळी मी पुन्हा टेप काढून सगळे मोजले. चैताली, माझी पत्नी, शाळेच्या वह्या तपासत बसली होती.

"लग्नाआधी माझी उंचीसुद्धा इतक्या बारकाईने विचारली नव्हतीस," ती म्हणाली.

"तीन फूट अर्धा इंच भरतंय."

"मग ठरलं तर. अर्ध्या इंचाने आबांचा हात बरा झाला."

मी टेप पुन्हा लावला. तिने वही मिटली. "प्रफुल्ल, आकडा वर चाललाय. लोक पेढे वाटतात अशा वेळी."

"खरा असेल तर मीही वाटीन."

आतून ताटांचा आवाज आला. आबांचे ताट नेहमीप्रमाणे मोरीच्या बाजूला मांडले होते. उजवा हात गेल्यापासून ते डाव्या हाताने जेवत आणि कोणाच्या पंगतीला बसत नसत. डाव्या हाताने जेवताना कोणी पाहावे हे त्यांना सहन होत नसावे, अशी मी समजूत करून घेतली होती.

बुधवारी खंडेनवमी होती. केंद्रात त्या दिवशी सगळी यंत्रे पुसून एका लांब टेबलावर मांडतात, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी दसरा उलटेपर्यंत एकाचेही बटण दाबत नाहीत. ज्याने वर्षभर राबवून घेतले, त्याला दीड दिवस विसावा. सकाळी निघताना आईने घरचा कन्सोल तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"ह्यालाबी पूजेला ने."

"आई, पूजा घरी कर ना."

"घरी विळी, पाटा, शिलाईचं मशीन हायेत. ह्याचे भाऊबंद तुझ्याकडं हायेत. तितं ठेव ह्याला."

आईशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. कन्सोल नेला आणि बाकीच्या सहांशेजारी ठेवला. केंद्राचा जुना शिपाई चिमाजी ओल्या फडक्याने एकेक यंत्र पुसत होता. पूजा झाली, प्रसाद झाला, आणि दुपारी त्याने फडक्यात गुंडाळलेले यंत्र माझ्या हाती दिले. मी ते उघडून पाहिले नाही. एरवी मी घराचे कुलूपही दोनदा ओढून पाहतो. त्या दिवशी का पाहिले नाही, याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी, सोने वाटून झाल्यावर, मी ते जोडायला बसलो. कुंकवाचा टिळा तसाच ठेवून तारा लावल्या आणि पडदा उजळला. कोपऱ्यात नाव आले: 'काम'.

मी यंत्र उलटे करून पाहिले. तळाला लावलेली माझी चिठ्ठी नव्हती. चिमाजीला फोन केला.

"चिमाजी, मशीनच्या खालच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

"काढल्या ना साहेब. पूजेला ठेवायचं मशीन, त्याच्या बुडाला चिकटपट्टी बरी दिसती का? खरवडून काढल्या."

"सातही?"

"सातही. एकाचीबी ठेवली नाय," तो अभिमानाने म्हणाला.

मी फोन ठेवला. माझा घरचा कन्सोल आता केंद्रात होता आणि केंद्रातला माझ्या घरी. पहिल्या क्षणी संताप आला. पण दुसऱ्या क्षणी लक्षात आले की जी चाचणी मला आठवडाभर सुचायला हवी होती, ती चिमाजीच्या फडक्याने करून दिली आहे. दोन तराजूंपैकी एक खोटा असेल, तर त्यांच्या जागा बदलाव्यात. खोट तराजूत असेल तर ती तराजूबरोबर जाईल. यंत्रांची नावे यंत्रांबरोबर गेली होती. आता नुसते खेळायचे आणि यादी पाहायची.

"आबा, एक डाव खेळता?"

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी आईकडे पाहिले.

"आज दसरा हाय," आई म्हणाली. "यंत्राला विसावा."

"दसरा दुपारनंतर संपतो, आई."

"तुझ्या हापिसात संपत असंल. माझ्या घरी दिस मावळल्यावर संपतो."

"मग दिवस मावळल्यावर?"

"दिस मावळल्यावर मला झोप येती," आबा म्हणाले आणि उठून आत गेले.

मी आग्रह सोडला. घरच्या कंट्रोलरचा पट्टा गुंडाळून ठेवताना मात्र एक गोष्ट नजरेस आली. केंद्रातला पट्टा आबांच्या हाताला बांधून-सोडून कडेला कुसकरला होता, त्याचे काटे झिजले होते. हा जवळजवळ कोरा होता. मी मनात म्हटले की घरी तो हळू हाताने बांधला जात असेल. माणूस सावध असला म्हणजे हुशार असतोच असे नाही.

शुक्रवारी सकाळी आबा माझ्याबरोबर केंद्रात आले. तिथे आता 'घर' होते. मी पट्टा बांधला, मुद्दाम खोलीबाहेर गेलो, दार लोटून घेतले. दहा मिनिटांनी आत आलो तेव्हा घार पाण्यालगत होती आणि पडद्यावर अकरा होते. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. मी पट्टा सोडला. फोनवर ओळ आली: 'घर', अकरा.

दुपारी त्यांना रिक्षात बसवून दिले आणि मी कामाला लागलो. म्हणजे कामाकडे पाहत बसलो. तीन वाजून सहा मिनिटांनी फोन थरथरला. 'काम'वर डाव सुरू झाला होता. दहा मिनिटांनी दुसरी ओळ आली: 'काम', एक्केचाळीस.

क्षणभर मला वाटले, केंद्रातला आकडा वाढला. मग आठवले की 'काम' आता जेल रोडला आहे.

खोट यंत्रात नव्हती. ती घरात राहिली होती. घरात काय उरले? खुर्ची, अंतर, उंची, सगळे मोजलेले. आणि मग पश्चिमेची खिडकी माझ्या डोक्यात आली. मी मोजमाप नेहमी संध्याकाळी करत असे, आबा खेळत तिसऱ्या प्रहरी. त्या वेळी ऊन तिरपे आत येते. ते संवेदकावर पडत असेल तर आकडे फुगणारच. इतकी साधी गोष्ट. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऊन उतरण्याच्या आत ते डोळ्यांनी पाहायला हवे होते, कारण शनिवारच्या आधीचे ते शेवटचे ऊन होते.

वाटेभर मी मॅडमना काय सांगायचे याची वाक्ये जुळवत होतो. खिडकीचा पडदा लावायला विसरलो, म्हणून तुमचा निर्णय फिरवा. कोणता मनुष्य हे वाक्य ताठ मानेने उच्चारील? गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आणि चालत आलो.

जाळीचे दार लोटलेले होते. आतून आबांचा आवाज येत होता.

"थांब. थांब म्हनलं ना. लय वर गेली."

"मग आता काय करू?"

"खाली घे. पर एकदम नाय. मगाशी एक्केचाळीस झालं, वाया गेला डाव. चाळीसच्या वर गेलं की पोरगं पुन्हा टेप घेऊन बसंल."

"माझा हात अवघडला हो."

"अवघडू दे. फाटक धरल्यावानी धर. गाडी पास झाली म्हनून कोनी दांडी सोडून देतं का?"

"एकतीस वर्षं फाटक तुम्ही धरलं. मी तितं भाकरी घेऊन येत व्हते."

"मग बघितलं असशील की."

"तुमाला बघत व्हते. फाटकाला कोन बघतं?"

आबा हसले. आईही हसली. मे महिन्यापासून या घरात हा आवाज मी ऐकला नव्हता. मी जाळीला नाक लावून उभा राहिलो.

खुर्चीवर, माझ्या चिकटपट्टीच्या चार खुणांच्या बरोबर मध्ये, आई बसली होती. कंट्रोलर तिने तसाच मुठीत धरला होता. पट्टा बाजूला लोंबत होता. आबा शेजारी पाटावर बसून डाव्या हाताच्या बोटाने हवेत घारीला वर-खाली करीत होते. उजवा हात मांडीवर पडला होता. ऊन खिडकीतून येऊन फरशीच्या मध्यावर थांबले होते. संवेदकापर्यंत ते पोहोचतही नव्हते.

डाव संपला. "एकोनचाळीस," आबा म्हणाले. "बास. आता ठेव."

मी दार ढकलले.

आई उठली नाही. पहिले काम तिने हे केले की कंट्रोलर आबांच्या उजव्या हातावर ठेवून ती पट्टा ओढू लागली, जणू तो मघापासून तिथेच होता. पंजा तिच्या हातातून निसटून खाली लोंबला. मग तिने पट्टा सोडून दिला.

"लवकर आलास," ती म्हणाली.

"केव्हापासून चाललंय हे?"

घार पडद्यावर पंख मिटून पुढच्या डावाची वाट पाहत होती.

"आबा, केव्हापासून?"

"तिला कशाला, मला विचार," आबा म्हणाले.

"तुम्हालाच विचारतोय."

"नागपंचमीच्या पुढं."

"का?"

आईने पदराने हात पुसले. हात ओले नव्हते. "पहिल्या हप्त्यात नऊ आलं. तू जेवायला बसला व्हतास. फोन बघितलास आन् ताट सारलंस. म्हनलं, भूक नसंल. दुसऱ्या दिवशी दहा आलं, तरी तसंच. तिसऱ्या दिवशी हे आपलं ताट घेऊन मोरीपाशी जाऊन बसले. मला म्हनले, माझा आकडा बघून पोराचा घास अडतो, माझं तोंड तरी कशाला त्याच्यासमोर."

मी आबांकडे पाहिले. ते खिडकीकडे पाहत होते.

"मंग एक दिवस ह्यांचा हात दुखत व्हता," आई पुढे म्हणाली. "मी धरलं ते. बारा आलं. त्या रात्री तू दोन भाकरी खाल्ल्यास. म्हनलं, आकड्यानं जर घास उतरत असंल, तर आकडा द्यावा. त्याला काय पैशे पडत्यात?"

"आणि हळूहळू वाढवायचं कोणी ठरवलं?"

"ते ह्यांनी."

"तुझा सोभाव ठावं हाय," आबा म्हणाले. "तिचा हात चांगला हाय, ती साठबी काढती. काढले व्हते एकदा. म्हनलं, एवढं नाय पचायचं. दोन-दोननं चढव."

आई खुर्चीवरून उठून खाली बसली. मी त्या खुर्चीत बसलो. जे बोलायचे होते ते ओरडून बोलता आले असते. त्याऐवजी फोनवरची यादी त्यांच्यापुढे धरली.

"आबा, तो आकडा मी डॉक्टरांना पाठवला आहे."

"कशाला?"

"त्याच्यावरून त्या ऑपरेशन ठरवणार आहेत. हात सुधारतोय असं धरून त्यांनी तीन महिने पुढे ढकलायचं ठरवलंय. उद्या दहाला ते पक्कं होणार. तीन महिन्यांनी नस दुरुस्त करूनही हात उठला नाही, तर मग काही करता येत नाही."

आईने पाटाचा आधार घेतला. आबांनी डाव्या हाताने उजवे मनगट उचलले, पाहिले आणि पुन्हा मांडीवर ठेवले.

"आमाला काय ठावं," ते म्हणाले. "तू म्हनला, व्यायामाचा खेळ हाय."

"तुम्ही विचारलं नाही."

"तू सांगितलं नाय."

मी सांगितले नव्हते, हे खरे होते. घाबरतील म्हणून आकडे तेवढे दाखवले आणि आकड्यांचा अर्थ स्वतःजवळ ठेवला. तीन महिने मी यंत्रे मोजली, खुर्चीचे अंतर मोजले, संवेदकाची उंची मोजली. ज्या ताटावर मी रोज बसत होतो तिथे दोन डोळे माझा घास मोजत होते, याची नोंद माझ्या कुठल्याही यादीत नव्हती.

चैताली शाळेतून आली तेव्हा आम्ही तिघेही आपापल्या जागी तसेच होतो. मी तिला थोडक्यात सांगितले. तिने पिशवी खाली ठेवली, पडद्याकडे पाहिले, मग आईकडे.

"आई, तुम्ही साठ काढले?"

"एकदाच," आई अपराध्यासारखी म्हणाली.

"मला कधी पंचावन्नच्या वर जमलं नाही."

आबांच्या ओठांचा कोपरा हलला. मीही हसलो असतो. पण शनिवार आता एका रात्रीवर आला होता.

मी यादी कागदावर उतरवायला घेतली. आईने विचारले, तिचे आकडे पुसून टाकायचे का. मी नाही म्हणालो. आकडे खोटे नव्हते. ते एका मनगटाने खरोखरच उचलले होते. त्यांच्यापुढचे नाव तेवढे चुकले होते. ऑगस्टपासूनच्या 'घर'च्या प्रत्येक ओळीवर आडवी रेघ मारून मी शेजारी आईचे नाव, 'शकुबाई', असे लिहीत गेलो. आजची एकच ओळ अपवाद होती: 'घर', अकरा, ती आबांची. आणि त्याखालची 'काम', एकोणचाळीस, ती आईची. मॅडमना संदेश पाठवला की घरची नोंद ग्राह्य धरू नये, कारण उद्या समक्ष सांगतो. त्यांचे उत्तर आले: "बरे. खरी नोंद घेऊन या. तारखा मोकळ्या आहेत का ते बघून ठेवते."

तारखा हा शब्द मी मोठ्याने वाचला नाही. मग वाटले, पुन्हा तेच करतो आहे. वाचून दाखवला.

"म्हणजे कापनार," आबा म्हणाले.

"बहुतेक. उद्या बघून सांगतील."

"दुखंल?"

"दुखेल थोडं. पण वेळेत केलं तर उपयोग होण्याची शक्यता बरी आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. खात्री नाही म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीकडे बोट केले. "ऊठ."

मी उठलो. ते चार खुणांच्या मध्ये बसले आणि उजवा हात आईपुढे धरला. आईने पट्टा बांधला. माझ्या मते तो बोटभर सैल होता, पण मी हात लावला नाही.

"मी बाहेर जातो," मी म्हणालो.

"कुटं जातो? बस हितंच."

घार निघाली. ती वर जाईना. आबांच्या कपाळावर घाम आला, खांदा उचलला जाऊ लागला, मान ताठ झाली. मनगट मात्र त्या सगळ्या धडपडीच्या टोकाला थोडेसेच हलत होते. आईची बोटे तिच्याच मांडीवर आपोआप वर उचलली जात होती. दहा मिनिटे इतकी लांब असतात हे मला ठाऊक नव्हते. पाण्याला पंख लागले आणि डाव संपला.

"दहा," आबांनी स्वतःच वाचले. "लिही. हे माझं."

मी लिहिले. सकाळी अकरा होते, आता दहा.

जेवणाच्या वेळी आई आबांचे ताट घेऊन मोरीकडे निघाली. आबा तिच्या आधी येऊन माझ्या शेजारी बसले होते. तिने क्षणभर थांबून ताट तिथेच ठेवले. त्यांनी डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला. तो मोडताना निसटून माझ्या ताटाजवळ आला. मी तो उचलून त्यांच्या ताटात ठेवला. चैतालीने वांग्याची भाजी पुढे सरकवली.

आई वाढायला उभी होती. ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. माझ्या ताटाकडे पाहत होती. पहिली भाकरी मी पाण्याबरोबर गिळली होती.

"अजून एक दे," मी म्हणालो.

तिने दिली. मी ती कुस्करून कालवणात घातली आणि संपवली. आबांनीही संपवली, त्यांना माझ्यापेक्षा बराच वेळ लागला. तोवर कोणी उठले नाही.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारले.

"दहाला. साडेनऊला निघालं तरी चालेल."

"साडेआठला निघू. फाटक लागलं तर?"

"आबा, त्या वाटेवर फाटक नाही."

"तरी," ते म्हणाले, आणि डावा हात धुवायला उठले.